लाल दोरा, पांढरा दोरा

चिकलठाणा,
१६ जानेवारी १९९७

चि. भामा हिस,

आवडाबाईचा आशीर्वाद. आवडाबाई कोण, असा प्रश्न पडला असंल तर सांगते. चिकलठाण्याला बोरीच्या झाडाखाली एक घर आहे, त्यात एक म्हातारी राहते, तिच्या काकासाहेबाची तू मुलगी. नाक तुझं तिच्यावर गेलंय. आता आठवतं का बघ. दिवाळीला येऊन गेलीस त्याला दोन महिने झाले. लोक मागून नेलेली वाटी विसरतात, तू अख्खी आजी विसरलीस.

हे पत्र तुझी जोहराखाला लिहितीय. वीस वर्षं उर्दू शाळेत मास्तरीण होती, त्यामुळं माझ्या बोलण्यातल्या चुका काढत काढत लिहिते. मी लई म्हटलं की ती फार लिहिते. मी म्हटलं, बाई, लई म्हंजे लईच लिही, नायतर भामाला वाटायचं आजी गेली आणि हे कुणी सरकारी माणूस बोलतंय. तिचा रोजा चालू आहे आणि माझं सगळं पत्र पाण्याचं. बिचारी घसा कोरडा करून पाणी, पाणी लिहितीय.

तू सांगून गेलीस तसं सगळं केलं. गावातल्या बद्रीनाथच्या शेताच्या बांधावरून बाभळीची साल आणली, उखळात कुटली, सात पाण्यांनी धुतली. पहिलं पाणी कातासारखं लाल, सातवं फिक्या चहासारखं. त्याच्यापुढं रंग जात नाय, तू पन्नास वेळा धू. वाळवून मधल्या माठात भरली. वरच्या माठात विहिरीचं पिवळं पाणी आणि चिंचेचा कोळ. खालच्या माठात वाळू आणि चुन्याचे खडे. थेंब थेंब पडतं, दिवसभरात एक घागर. धार काढायला बसावं तशी मी त्या माठांसमोर बसून असते. म्हैस निदान शेपूट तरी हलवती.

मला अक्षर येत नाय म्हणून तू दोरे दिले होतेस. लाल दोऱ्याच्या बाटलीत विहिरीचं पाणी, पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीत माठांतून गाळलेलं. दोन्ही धाडल्यात. बाटल्या हलू नयेत म्हणून भोवती तिळगूळ आणि बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या भरल्या, जोहरानं वरून कापड शिवलं. पोस्टात सांडू विचारतो, मावशी, आत काय? म्हटलं, पाणी. म्हणतो, लोक काशीचं पाणी आणतात, तुम्ही चिकलठाण्याचं मद्रासला धाडता व्हय? म्हटलं, त्यांना पण कळू दे आमची विहीर काय चीज आहे. मागच्या शेडातला नळांना चकाकी चढवायचा कारखाना बंद पडून चार वर्षं झाली. मालक गेला, चकाकी गेली, पिवळं पाणी तेवढं माझ्याकडं ठेवून गेला.

मी ते पीत नाय. प्यायचं जोहराच्या नळाचं आणते. हे दोनदा लिही म्हटलं, तर ती म्हणते एकदा पुरतं.

खारोड्या आधी खा, मग तपास.

आवडाबाई
(अंगठा. शाई जास्त लागली, बोट एवढं जाड नाय.)


मद्रास,
४ फेब्रुवारी १९९७

ती. आजीस,

भामाचा साष्टांग नमस्कार. जोहराखालांना सलाम आणि ईदच्या आगाऊ शुभेच्छा.

विसरले नव्हते गं. इथे दिवस कधी उजाडतो आणि कधी संपतो ते प्रयोगशाळेत कळत नाही. खारोड्या पोचल्या. आधी त्याच खाल्ल्या.

आता पाण्याचं. त्यातल्या विषाचं नाव क्रोमियम. आकडे सांगितले तर तू हसशील, म्हणून मोहरीत सांगते. तुझ्या विहिरीच्या एका घागरीत पंधरा मोहऱ्यांच्या वजनाइतकं क्रोमियम आहे. पिवळा रंग त्याचाच. माठांतून गाळलेल्या घागरीत उरल्या चार मोहऱ्या. अकरा मोहऱ्या तुझ्या बाभळीने धरून ठेवल्या! चिंचेमुळे पाणी आंबट होतं, आंबट पाण्यात साल ते विष ओढून घेते, खालचा चुना आंबटपणा मारतो. माझ्या सरांनी बाटली उजेडात धरून पाहिली. ते कधी काही बोलत नाहीत. ते म्हणाले, "रंग चांगला आहे."

आपल्याला जायचंय ते इथवर: तीन घागरी मिळून एक मोहरी. त्याच्या खाली आलं की पाणी प्यायच्या हद्दीत. पुढच्या वेळी साल आणखी बारीक कुट आणि पाणी आणखी सावकाश सोड. वापरलेली साल चुलीत घालू नकोस, उकिरड्यावर टाकू नकोस. विष तिच्यातच आहे. पत्र्याच्या डब्यात झाकून ठेव, मी घेऊन जाईन.

गावातल्या खऱ्या विहिरीवर, घरच्या माणसाच्या हातून हे जमतं, एवढं एक दाखवायचंय मला. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण म्हणजे तुझी विहीर.

माझी काळजी करू नकोस. मैत्रिणी पुष्कळ आहेत. जेवण चांगलं असतं. भातावर एक तांबडी पूड देतात, डाळ-मिरचीची, तेल घालून कालवायची. आपल्या चटणीची आठवण येते.

तुझी भामा


चिकलठाणा,
२० फेब्रुवारी १९९७

चि. भामा हिस,

आशीर्वाद. पत्र जोहरानं तीनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा गल्लीतली अख्तरी आली होती तिच्यासाठी, आणि एकदा उगीच. मोहरी म्हटलीस ते बरं केलंस. मी डब्यातून पंधरा मोहऱ्या मोजून ताटलीत ठेवल्या. एवढ्याशा दाण्यांनी घागर नासते म्हंजे कमाल आहे. त्यातल्या चार वेगळ्या काढल्या. रोज येता-जाता बघते.

साल बारीक कुटली, वस्त्रगाळ केली. पाण्याची धार एवढी कमी केली की दोन थेंबांच्या मधे माझी एक डुलकी होते. उखळीचा आवाज ऐकून शेजारचा पुंजाराम विचारतो, मावशी, काय मसाला करताय? म्हटलं, विहिरीला खायला घालायचाय, लई दिवस झाले तोंडाला चव नाय तिच्या.

तू विहीर म्हटलंस म्हणून सांगते, तुला आधी सांगितलं नसंल. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला त्याच साली तुझ्या आजोबांनी ती खोदली. मी नवी नवरी. जोहराचे वडील मोहियोद्दीनमियाँ तेव्हा कुटुंबाला घेऊन महिनाभर गाव सोडून गेले होते, वाईट दिवस होते ते. परत आले तर त्यांच्या आडात लोकांनी दगड-माती टाकलेली. आमची खोदाई नुकतीच चालू झाली होती, तुझ्या आजोबांनी जागा वीस पावलं सरकवली, दोन्ही घरांच्या मधे घेतली. पहिलं पाणी लागलं त्या दिवशी दोन पोहरे लावले, एक आमचा, एक त्यांचा. जोहरा तेव्हा दुपट्यात होती. आता लिहिता लिहिता नाक पुसतीय. पुसू नको, कागद ओला होतो.

कागदावर थेंब पडला असंल तर तो तिचा. माझा नाय.

दोन बाटल्या धाडल्या. ईदची शेवई राहिली होती ती भोवती घातली. ती तांबडी पूड नुसती खाऊ नको, पोट जळतं. आणि मैत्रिणी पुष्कळ म्हणालीस, एकीचं तरी नाव लिही.

काकासाहेब जालन्याहून आला होता. म्हणे एसटीडीच्या दुकानात चल, भामाशी बोल. मी नाय म्हटलं. मागच्या खेपेला त्या दांड्यातून तुझा आवाज डब्यात बसल्यासारखा आला आणि दुकानातून बाहेर पडले तर संपलेला. पत्राचं बरं, जोहराला म्हणावं वाच, की पुन्हा येतो.

आवडाबाई
(अंगठा)


मद्रास,
८ मार्च १९९७

ती. आजीस,

सा. न. मोठी बातमी आधी. पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीत तीन घागरींना मिळून दोन मोहऱ्या. दोन! हद्दीला फक्त एक मोहरी बाकी. मी आकडा तीनदा तपासला आणि मग जिन्यात जाऊन बसले, हसू आवरेना. सांगायला जवळ कुणी नव्हतं, सगळ्या जेवायला गेल्या होत्या.

आता एवढं कर. सालीचा थर चार बोटं वाढव आणि मार्चअखेर आणखी एकदा दोन बाटल्या पाठव. तो आकडा हद्दीखाली आला की तुझं काम संपलं. मग बाटल्या नकोत, कुटणं-शिवणं नको, सांडूमामांच्या खिडकीत उभं राहणं नको. मलाही दर महिन्याला पत्राला बसावं लागणार नाही, तो वेळ प्रबंधाला मिळेल. डिसेंबरात संपवायचा आहे, म्हणजे दिवाळीला चार दिवस घरी. तुझीही सुटका, माझीही.

बाकी खुशाल.

तुझी भामा


चिकलठाणा,
३० मार्च १९९७

चि. भामा हिस,

आशीर्वाद. पत्र पोचलं. शेवटची ओळ जोहरानं दोनदा वाचली, मी वाचायला लावली म्हणून.

थर चार बोटं वाढवला. बाटल्या भरल्या. दोरे बांधले. भोवती धपाटे घातलेत, ते आठ दिवसांत खराब व्हायचे, पोस्टानं उशीर केला तर फेकून दे.

ऊन वाढलंय. बोरीची पानं गळाली. बाकी लिहिण्यासारखं नाय.

मैत्रिणीचं नाव लिहिलं नाहीस.

आवडाबाई
(अंगठा)


मद्रास,
१५ एप्रिल १९९७

ती. आजीस,

सा. न. काहीतरी बिघडलंय. पांढऱ्या बाटलीत पुन्हा पंधरा मोहऱ्या आल्या. एका घागरीत पंधरा, म्हणजे लाल बाटलीत आहेत तेवढ्याच. गाळलं काय, न गाळलं काय, सारखंच. दोन दिवस तपासतेय, यंत्र बरोबर आहे.

घाबरू नकोस, तुझी चूक नसणार. मला एकेक गोष्ट सांग. साल कोणत्या झाडाची आहे, बाभळीचीच ना? जुन्या झाडाची की कोवळ्या? कुटल्यावर उन्हात वाळवली की सावलीत? चिंच नवी की गेल्या सालची? कोळ किती घातलास, वाटीने सांग. मधल्या माठाला चीर गेली आहे का? वरचं पाणी सालीतून न जाता कडेने तर उतरत नाही? हळद घालून बघ, कडेने पिवळी रेघ दिसेल. वाळू कुठून आणली? मागच्या शेडात पुन्हा कुणी काम सुरू केलंय का? विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं?

सरांना अजून सांगितलं नाही. रोज संध्याकाळी हाच विचार करते. झोपताना तुझे तीन माठ डोळ्यांपुढे येतात. मी इथे प्रयोगशाळेत तसलीच साल आणि लाल बाटलीतलं पाणी घेऊन गाळून बघितलं, इथे नीट येतंय. मग घरी का नाही? सगळं सविस्तर लिही. पुन्हा बाटल्या पाठव. मी लगेच उत्तर देते.

(आणखी दोन पानं जोडली आहेत. त्यात माठांचं चित्र काढलंय, जोहराखाला समजावतील.)

तुझी भामा


चिकलठाणा,
४ मे १९९७

चि. भामा हिस,

लई आशीर्वाद. चार पानांचं पत्र! पोस्टमननं हातात दिलं तर मला वाटलं कोर्टाचं काही आलं. जोहराला दोन दुपारी लागल्या वाचायला. चित्र भिंतीला लावलंय. मधला माठ जरा पोट सुटल्यासारखा काढलास, पण ओळखू येतो.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. साल बाभळीचीच. झाड जुनं, माझ्याएवढं. सावलीत वाळवली. चिंच नवी. कोळ दोन वाट्या. माठाला चीर नाय. हळद घालून बघितली, कडेनं काही उतरलं नाय. शेडाला कुलूप आहे, आत कुत्री व्याली आहे, चार पिल्लं. विहीर नऊ हात खाली गेली. वाळू दुधना नदीची, सांगितलंच होतं तुला. आणखी काही विचारायचं असंल तर विचार, मी रिकामीच आहे.

आता काय झालंय ते मला कसं कळावं, मी अडाणी. तू शोध. घाई करू नको. असली कामं वर्षभर चालायचीच, दोन वर्षं चालली तरी काय बिघडतं?

जोहरा म्हणते, काकू, प्रयोग फसला ऐकून खुश होणारं माणूस मी पहिल्यांदा बघतेय. हे लिहू नको म्हटलं तर लिहिलंच तिनं.

दोन बाटल्या धाडल्या. यंदाच्या नव्या खारोड्या भोवती आहेत. तुझ्या वाटच्या राखून ठेवल्या होत्या, बाकी चिमण्यांनी नेल्या. त्यांना लई हाकललं नाय मी. येतात तेवढ्याच.

आवडाबाई
(अंगठा)


चिकलठाणा,
२ जून १९९७

चि. भामा हिस,

लगेच उत्तर देते म्हणाली होतीस. महिना होत आला. तुझं पत्र नाय म्हणून मीच पुन्हा दोन बाटल्या धाडते. लाल आणि पांढरी. आकडा कळव.

आवडाबाई
(अंगठा)


मद्रास,
२२ जून १९९७

ती. आजीस,

सा. न. दोन्ही खेपेच्या बाटल्या मिळाल्या. दोन्ही वेळा पंधरा.

सरांना सांगावं लागलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, प्रयोगशाळेत होतं आणि गावात होत नाही, हेही एक उत्तरच आहे, तसं लिहून टाका. म्हणजे शेवटच्या प्रकरणात मी लिहायचं की ही पद्धत घरी, माणसाच्या हातात चालत नाही. पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला सगळ्यांसमोर उभं राहून तसं सांगायचं. मग माझ्या मागून कुणी हे काम हातात घेणार नाही. कशाला घेईल?

मी ते न लिहिता सोडून द्यावं म्हणते. अंकलेश्वरला एका कारखान्यात नोकरी आहे, ती घेईन.

आजी, तू मैत्रिणीचं नाव विचारलं होतंस. नाव नाही. तीन वर्षं झाली, माझ्या खोलीत दुसरी खाट रिकामी आहे. मेसमध्ये सगळ्या त्यांच्या भाषेत हसतात, मी भात कालवते. कधीकधी दिवसभरात मी बोललेला एकच शब्द असतो, "थँक्यू", पाणी वाढणाऱ्याला. तुझं पत्र आलं की मी खोलीचं दार लावून मोठ्याने वाचते. कानावर मराठी पडावी म्हणून. तुला काळजी वाटेल म्हणून लिहिलं नव्हतं.

आता बाटल्या पाठवू नकोस. माठ मोडून टाकलेस तरी चालेल.

भामा


चिकलठाणा,
२ जुलै १९९७

चि. भामा हिस,

आज आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

माठ बिघडले नाहीत. साल बिघडली नाय, चिंच बिघडली नाय, तुझं शिक्षणही बिघडलं नाय. बिघडले मी. मार्चपासूनच्या तिन्ही पांढऱ्या बाटल्या विहिरीतून भरल्यात. लालमध्ये जे पाणी, पांढरीत तेच.

हे सांगितल्यावर जोहरानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, काकू, खालचा माठ भरून वाहत होता तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. मग उठून माझ्या चुलीवर माझ्याच चहाचं आधण ठेवलं, आपला कप पिऊन टाकला, मला दिला नाय. आता लिहितीय, पण माझ्याकडं बघत नाय.

कसं झालं ते सांगते, खरंखुरं. तुझं मार्चचं पत्र आलं. त्यात तू लिहिलंस, पाणी चांगलं झालं की पत्राला बसावं लागणार नाय. सुटका. मी पांढरी बाटली घेऊन माठाशी गेले, तोटीखाली धरली. अर्धी भरली. निर्मळ पाणी होतं गं, फिक्या चहाच्या रंगाचं. आणि मला वाटलं, ही बाटली गेली की संपलं. पुढच्या महिन्यात पोस्टमन दारावरून सरळ जाणार. मी ती ओतून दिली आणि पोहरा घेऊन विहिरीवर गेले.

पाणी बरं झालं तर तुझं पत्र येणार नाय. आजारी असलं तर तू त्याची चौकशी करणार, चिंच किती, चुना किती. तुझी चार पानं आली तेव्हा मला वाटलं, मी लई हुशार आहे. आकडा म्हंजे काय, एक मोहरी नायतर पंधरा, कुणाचं काय जातं, असं वाटलं. त्या आकड्यामागं तू एकटी बसलीयस, हे मला दिसलं नाय. मैत्रिणी पुष्कळ म्हणून तू मला फसवलंस आणि पाणी खराब म्हणून मी तुला फसवलं. पण तुझ्या फसवण्यानं माझं काही मोडलं नाय. माझ्यानं तुझं तीन वर्षांचं मोडायला आलं.

आज दोन नव्या बाटल्या धाडते. जोहरा माझा हात धरून माठाशी उभी होती, चोर पकडल्यासारखी. पांढरी तिनं भरली, तिनंच दोरा बांधला. झाकणावर लाख ओतून तिच्या नावाचा शिक्का मारलाय, शाळेतला जुना. सांडूच्या हातापाया पडून जलद टपालानं घातलंय. अठ्ठावीसच्या आत पोचेल म्हणतो. तुझ्या सरांना म्हणावं, म्हातारी खोटी आहे, पण बाभूळ खरी आहे.

नोकरी घेऊ नको. निदान बाटली तपासल्याशिवाय घेऊ नको.

या खेपेला भोवती खाण्याचं काही घातलं नाय. भुसा घातलाय. तुला राग येईल तेव्हा माझ्या हातचं काही समोर नसावं.

आशीर्वाद.

आवडाबाई
(अंगठा)


मद्रास,
२४ जुलै १९९७

ती. आजीस,

सा. न. पत्र वाचून मी आठ दिवस लिहिलं नाही. राग आला होता. अजून थोडा आहे.

बाटली तपासली. तीन घागरींत मिळून एक मोहरीसुद्धा नाही. हद्दीच्या खाली. तुझ्या तीन माठांनी केलं.

पाणी अजून पिऊ नकोस, सरकारी तपासणी झाल्याशिवाय नाही. पण केलं.

सरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांना मराठी येत नाही, मी एकेक ओळ सांगत गेले. ते हसले नाहीत. खिडकीशी जाऊन उभे राहिले, मग म्हणाले, त्यांच्या आईला मलेशियाला पत्र लिहायचं राहून गेलंय. पण नियम तो नियम. तुझी विहीर प्रबंधात येणार नाही. जिथे एकदा बाटली बदलली, तिथले कुठलेच आकडे धरत नाहीत, जानेवारीचे खरे होते तेही. आता दुसऱ्या विहिरीवर पहिल्यापासून सहा महिने. बाबांनी फोनवर कळवलं, मुकुंदवाडीचे कडूबा त्यांची विहीर देतायत, तिचं पाणीही पिवळं आहे. बाटल्या जोहराखाला भरतील, त्यांनी कबूल केलंय. साल मात्र तूच कुटायची. तुझ्याइतकी बारीक कुणाला जमत नाही.

अठ्ठावीस तारीख सरांनी पुढे ढकलली, म्हणजे डिसेंबर गेला. आता पुढच्या जूनशिवाय संपत नाही, आणि दिवाळीला येता येणार नाही.

एक मलाही सांगायचंय. पांढऱ्या बाटलीत चहाचा रंग नव्हता. एप्रिललाच दिसलं होतं मला. सालीतून गेलेल्या पाण्याला तो असतोच, तूच लिहिलं होतंस, पन्नास वेळा धुतली तरी. मी मनाशी म्हटलं, आजीने साल जास्त धुतली असेल. तू असं करशील हे मला मनात आणायचं नव्हतं, म्हणून माठांची चित्रं काढत बसले.

आणि पत्र लिहायला मला बाटली लागते, असं तुला वाटलं. ते खोटं नव्हतं. त्याचंच जास्त लागलंय.

नोकरी घेतली नाही.

भामा


चिकलठाणा,
५ ऑगस्ट १९९७

चि. भामा हिस,

आशीर्वाद. राग थोडा आहे म्हणालीस, तो ठेव. एकदम सोडलास तर मला चैन पडणार नाय.

माझी साल, माझं उखळ, आणि बाटली जोहराची! बाई शिक्का घेऊन मुकुंदवाडीला निघते तेव्हा तहसीलदार निघाल्यासारखी निघते. काल गल्लीतल्या द्वारकाबाईनं विचारलं, आवडाबाई, तुमच्या विहिरीचं काय झालं? म्हटलं, तिला शाळेतून काढून टाकलं, माझ्या वागणुकीमुळं. तरी मी माठ चालू ठेवलेत. ते पाणी बोरीला घालते. साठलेली साल डब्यात झाकून आहे, चुलीत घातली नाय.

पंचमी तीन दिवसांवर आली. लेकी-नाती माहेरी यायला लागल्या, झाडाला झोके बांधलेत. आपल्या बोरीला काटे, म्हणून कुणी येत नाय. दिवाळीला तू नाहीस हे कळलं. जोहरानं इथं, ठीक आहे, असं लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. ठीक नाय. पण माझ्यामुळंच नाय, तेव्हा कुणाला बोलू.

तुझ्या रिकाम्या खाटेचा विचार करते. माझ्याकडंही एक आहे, तुझी. तिच्यावर सालीचं पोतं ठेवायचे, कालपासून खाली ठेवलं.

आता खाण्याचं. इतके दिवस मी धाडत होते, आता तू धाड. ती तांबडी पूड पाठव, भातावर घालता ती. तेल इथं आहे. मला दात नायत, तेव्हा बारीक दळलेली बघ, आणि लई तिखट नको, जोहरा पण खाणार. डबाभर एकदम पाठवू नको, इथल्या पावसात भुरा येतो. महिन्याला एक मूठ, कागदाच्या पुडीत बांधून. संपली की मी कळवीन. पुडीचा कागद मात्र कोरा नको. तेलाचे डाग पडले तरी जोहरा वाचते.

आवडाबाई
(अंगठा)